कॉपर किंगची हवेली खरंच अर्ध्या दिवसाच्या कमाईत बांधली?

नमस्कार मंडळी! खाणींच्या गावांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून तुमची एकच मागणी चाललीय, ब्यूटच्या त्या लाल विटांच्या हवेलीवर बोला. चला, बोलूया.

प्राथमिक माहिती पटकन. अमेरिकेतलं मोंटाना राज्य, गाव ब्यूट, मालक विल्यम क्लार्क, तांब्याच्या खाणींमुळे ज्याला ‘कॉपर किंग’ म्हणायचे तो. बांधकाम १८८४ ते १८८८. खोल्या ३४, छतांवर चित्रं, रंगीत काचा. फोटो स्क्रीनवर आहेतच. क्लार्क आला सोनं शोधायला, मग व्यापारात शिरला, मग बँक काढली. फार्लिन नावाच्या एकाने खनिज दळायची गिरणी उभारायला कर्ज घेतलं, ते फिटलं नाही आणि त्याची ट्रॅव्होना खाण क्लार्ककडे गेली. आपल्याकडे गहाणखतावर जमिनी गेल्या, तसंच.

आता मुद्द्याचं. ज्या रीलमध्ये बघाल तिथे हेच: हवेलीचा खर्च अडीच लाख डॉलर, म्हणजे क्लार्कची अर्ध्या दिवसाची कमाई, कारण तो महिन्याला १ कोटी ७० लाख डॉलर मिळवायचा! अहो, हिशेब तरी करा.

तांब्याचा भाव अगदी चढा, पौंडाला १५-१६ सेंट धरा. १ कोटी ७० लाख मिळवायचे तर महिन्याला १० कोटी पौंडांहून जास्त तांबं विकायला हवं. हवेली बांधली जात होती त्या काळात सगळ्या मोंटानातून वर्षभरातही एवढं निघत नव्हतं. आणि ही नुसती विक्री. मजुरी, भट्ट्या, रेल्वेभाडं अजून वजा व्हायचंय.

दुसरीकडून बघा. महिन्याला १ कोटी ७० लाख म्हणजे वर्षाला २० कोटींच्या वर. १९२५ साली क्लार्क वारला, तेव्हाच्या त्याच्या एकूण संपत्तीचे अंदाज १० ते २५ कोटींचे आहेत. म्हणजे जन्मभराची कमाई एका वर्षातली?

आणि तिसरं, जे कुणीच सांगत नाही. त्याला अफाट पैसा दिला तो ॲरिझोनातल्या जेरोमच्या युनायटेड व्हर्डे खाणीने. ती त्याच्या हाती आली १८८८ मध्ये, हवेली पुरी होत असताना. नंतरची श्रीमंती आधीच्या घराला चिकटवलीय!

एका दादांची कमेंट आहे, “अर्धा दिवस काय नि अर्धं वर्ष काय, माणूस श्रीमंत होता ना?” दादा, फरक पडतो. ब्यूटच्या खाणकामगाराला दिवसाला साडेतीन डॉलर मिळायचे, तेही संघटना करून, संप करून टिकवलेले. अडीच लाखांना साडेतीनने भागा. ७१ हजारांवर दिवस येतात. एकही सुट्टी न घेता १९५ वर्षं! हा आकडा कुठल्या रीलमध्ये ऐकलात? माझे काका वणीकडच्या कोळसा खाणीत होते. तिथेही साहेबाच्या बंगल्यात खोल्या किती हे गावात पोराटोरांना पाठ, पण खाली उतरणाऱ्याची हजेरी किती हे कुणी विचारायचं नाही. मला तेव्हापासून या गोष्टीचा राग आहे.

आमदारांना लाच देऊन क्लार्क सिनेटर झाल्याचं प्रकरण आणि १९०० चा राजीनामा, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

“हवेली पाडली का?” असंही बरेच जण विचारतात. पाडली ती क्लार्कची न्यूयॉर्कमधली दुसरी हवेली, १२१ खोल्यांची, १९२७ मध्ये. ब्यूटची उभी आहे. मधे तिथे नन राहायच्या, १९५३ मध्ये एका कुटुंबाने घेतली, आता तिथे मुक्कामही करता येतो. तिकडे राहणाऱ्या मंडळींनो, गेलात तर ऑर्फन गर्ल खाणीवरच्या संग्रहालयात पण जा. जमिनीखाली उतरवून दाखवतात. आधी ते बघा, मग हवेली.