आधी बघा, मग पुसा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्याला मी कॉम्प्युटरचे वर्ग घेते. येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची, आणि त्यांची तक्रार ठरलेली. "लॅपटॉप फार हळू चालतो हो. अर्धे फोटो उडवले, तरी ढिम्म!" कोणी नातवाच्या मुंजीचे उडवलेले असतात, कोणी काश्मीरच्या सहलीचे. मला लॅपटॉपपेक्षा त्या फोटोंचंच वाईट वाटतं. म्हणून आज पहिलंच वाक्य लिहून घ्या. फोटो उडवून लॅपटॉप पळत नाही. पेन शोधताय ना? पुन्हा सांगते. फोटो उडवून लॅपटॉप पळायला लागत नाही. आधी काय भरलंय ते बघायचं, मग पुसायला हात घालायचा.

लॅपटॉपमध्ये जागा दोन असतात. एक डिस्क. फोटो, पत्रं, हिशेब तिथे कायमचे राहतात. दुसरी रॅम. चालू काम तिथे उघडलेलं असतं. दुकानदार पाचशे जीबी म्हणतो ती डिस्क, चार किंवा आठ जीबी म्हणतो ती रॅम. लॅपटॉप हळू होतो तो बऱ्याचदा रॅम अपुरी पडल्यामुळे, आणि आपण साफ करत बसतो डिस्क. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! यावर माझ्याकडे एक गोष्ट आहे. वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी ती ऐकली आहे, त्यांनी तेवढ्यात चहा टाकायला हरकत नाही.

आमच्या सोसायटीचे खजिनदार. नाव सांगत नाही, कारण ते रेडिओ नेमाने ऐकतात. बँकेतून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सोसायटीचा लॅपटॉप त्यांच्याच घरी, टीपॉयवर, आणि त्याच्याखाली काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. सप्टेंबर महिना होता. ज्यांनी सोसायटीचं काम केलंय त्यांना माहीत आहे, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ताळेबंद तयार, अहवाल छापायला द्यायचा, आणि लॅपटॉप काही उघडत नव्हता. काकांचंच वाक्य सांगते. "अगं, बटण दाबतो, आंघोळ करतो, पूजा करून येतो, तरी ते आपलं गोल गोल फिरतंच आहे."

काकूंनी मला बोलावून घेतलं. मी बसले. लॅपटॉप उघडला एकदाचा. डेस्कटॉप अगदी स्वच्छ, एक फाइल इकडची तिकडे नाही. पण रिसायकल बिन, म्हणजे ती कचऱ्याची टोपली हो, काठोकाठ. दोन हजारांच्या वर फाइल्स. मी म्हटलं, काका, निदान हे तरी रिकामं करू. टोपलीवर उजवं बटण दाबलं, 'एम्प्टी रिसायकल बिन' वर आले, कायमचं पुसू का असा त्यानं प्रश्नही विचारला, आणि काकांनी माझं मनगटच धरलं.

"अगं, काय करतेस! सोसायटीचं सगळं जुनं रेकॉर्ड आहे त्यात!"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. नव्हते करत. सभांची इतिवृत्तं, लिफ्टवाल्याची बिलं, पालिकेच्या पाणीपट्टीच्या पावत्या, आणि हे ऐका, पुनर्विकासासाठी बिल्डरांनी दिलेल्या ऑफरची पत्रं, सगळं त्या टोपलीत. मी विचारलं, काका, कचऱ्यात का ठेवलंत? तर ते शांतपणे म्हणाले, "कचऱ्यात कोणी हात घालत नाही. डेस्कटॉपवर ठेवलं की सेक्रेटरी उघडतो, अध्यक्षांचा मुलगा उघडतो. इथे सुरक्षित असतं." आणि मग त्यांनी मला त्या टोपलीचे गुण समजावून सांगितले. फाइल आत टाकली की 'डेट डिलीटेड' या रकान्यात तारीख आपोआप पडते, म्हणजे आवक रजिस्टर झालं. ती मुळात कुठे होती तेही शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं. आत असताना फाइल वाचता येत नाही, 'रिस्टोअर' करून बाहेर काढावी लागते, आणि वाचून झाली की परत आत. "बँकेत जुनं रेकॉर्ड असंच ठेवायचो आम्ही," म्हणाले. "बाहेर काढलेला कागद टेबलावर पडून राहता कामा नये."

मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण टोपलीचा असा शिस्तशीर वापर मी कुठे पाहिला नाही. पद्धत म्हणून त्यात खोट काढायला जागाच नव्हती! एक गोष्ट मात्र काकांना कोणी सांगितली नव्हती. विंडोजमध्ये 'स्टोरेज सेन्स' नावाची सोय असते. डिस्कवरची जागा संपत आली की ती आपण होऊन कामाला लागते आणि टोपलीत तीस दिवसांहून जुनं जे असेल ते कायमचं पुसून टाकते. म्हणजे काकांची डिस्क कधी भरत आली असती, तर तीन बिल्डरांच्या ऑफर एका रात्रीत गेल्या असत्या. काही सभासदांना ते आवडलंही असतं म्हणा. पुनर्विकासाबद्दल माझं मत विचारू नका. गच्चीत पापड वाळत घालायला मिळणार नसतील तर मला तेविसावा मजला नको, एवढंच सांगते.

हे ऐकून काकांचा चेहरा उतरला, आणि लगेच त्यांनी कपाट उघडून एक बॉक्स फाइल काढली. प्रत्येक इतिवृत्ताची छापील प्रत, अध्यक्षांच्या सहीसह. बँकवाल्यांचं हे मला फार आवडतं. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास असतो, पण कागद हातात असेपर्यंतच.

मग कळीचा प्रश्न. टोपली भरलेली असूनही डिस्कवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी होती. मग लॅपटॉप रडत का होता? मी तीन बटणं एकदम दाबली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. श्रोतेहो, ही तीन लक्षात ठेवा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडतो आणि कोण किती खातंय ते समोर दिसतं. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या रकान्यात 93 टक्के, डिस्कच्या रकान्यात 100. हे 100 म्हणजे डिस्क भरलेली नव्हे, सतत कामात. काही उघडलेलं नसताना! मी काकांना म्हटलं, तुमच्या बँकेत काउंटर केवढं होतं? म्हणाले, चार लेजरं मावायची. आणि पाचवं लागलं तर? "तर शिपाई तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये जायचा. एक खाली ठेवायचा, दुसरं वर आणायचा." आणि गर्दी असली की? काका थांबले. "तर शिपाई दिवसभर जिन्यातच." म्हटलं, काका, हा तुमचा लॅपटॉप. रॅम म्हणजे काउंटर. ते भरलं की विंडोज डिस्कवर ठेवाठेव करायला लागतं, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क म्हणजे दमलेला शिपाई. काकांनी पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण केलं. "म्हणजे रेकॉर्ड रूम झाडली म्हणून काउंटर मोठं होत नाही."

याहून चांगलं मला सांगता येत नाही, म्हणून मी हे त्यांच्या नावावर खपवते.

आता काउंटर कोणी अडवलं होतं? दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर पहारा देत. विंडोजमध्ये मुळात डिफेंडर असतो, घरच्या वापराला तो पुरतो. वर आणखी दोन घेऊन काहीच साधत नाही. प्रिंटरचा मदतनीस, मीटिंगची दोन ॲप्स, कुणीतरी टाकलेलं 'तुमचा पीसी वेगवान करा' असं एक सॉफ्टवेअर, सगळी सुरू होताना आपोआप उठणारी. त्या वेग वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लाल अक्षरात घाबरवून पैसे मागणारं काहीही घरात घेऊ नका. झाडलोट करायला विंडोजचीच साधनं पुरेशी आहेत.

आणखी एक गंमत. टास्क मॅनेजरमध्येच 'परफॉर्मन्स' मध्ये सीपीयू निवडला की खाली 'अप टाइम' दिसतो, म्हणजे लॅपटॉप किती काळ सलग चालू आहे ते. काकांचा होता 41 दिवस. काका चिडले. "रोज रात्री शट डाउन करतो मी!" खरं बोलत होते ते. विंडोज आठपासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. पूर्ण नवी सुरुवात होते ती रीस्टार्टनं. म्हणजे लॅपटॉप अडकला तर शट डाउन नाही, रीस्टार्ट. पुन्हा एकदा, रीस्टार्ट.

तर आम्ही काय केलं? 'स्टार्टअप ॲप्स' मध्ये जाऊन नको ती सगळी 'डिसेबल' केली. डिसेबल म्हणजे ॲप जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. एक एक करून दोन्ही जादा अँटिव्हायरस काढले, ते वेग वाढवणारं काढलं, रीस्टार्ट केला. टोपलीतलं सगळं बाहेर काढून 'जुने रेकॉर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. क्रोशाचा रुमाल काढला, कारण हवा आत घ्यायची जाळी खालच्या बाजूला असते, ती झाकली की लॅपटॉप तापतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो. काकूंना ते पटलं नाही. रुमाल आता टीव्हीवर आहे.

अहवाल वेळेत छापला. पुढे काकांनी रॅम चारची आठ जीबी करून घेतली, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क बसवली, आणि सभेत खर्च मांडला. लगेच मागून आवाज, "तीन कोटेशनं घेतली होती का?" काकांनी तीन कोटेशनं काढून टेबलावर ठेवली.

गोष्टीत वेळ गेला खरा, पण निम्मं सांगून झालं. उरलेलं भराभर.

ब्राउझर, म्हणजे इंटरनेट बघायचं क्रोमसारखं ॲप. त्यातलं प्रत्येक उघडं पान, म्हणजे टॅब, रॅम खातो. पंचांग, मुदत ठेवीचे दर, गडकरी रंगायतनची नाटकं, सगळं महिनाभर उघडं ठेवू नका. क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' असतो, तो चालू करा, नुसत्या पडलेल्या टॅबची रॅम तो सोडवतो.

डिस्क खरोखर भरली असेल, म्हणजे सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल, तर मात्र ती मोकळी करायलाच हवी, कारण विंडोजला ठेवाठेवीला आणि अपडेटला जागा लागते. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथे 'टेम्पररी फाइल्स' उघडा. पण खूण करण्याआधी यादी वाचा. तिथे 'डाउनलोड्स' असंही लिहिलेलं असतं, आणि आपले पासपोर्टचे स्कॅन तिथेच पडलेले असतात. व्हॉट्सॲपवरून आलेली सुप्रभातची फुलं मात्र बिनदिक्कत उडवा. गुलाबावर दवबिंदू आणि खाली सुविचार, हे रोज सकाळी दीडशे जणांना पाठवण्याची गरज कोणाला पडते, मला अजून कळलेलं नाही.

धूळ. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको, बांधकामांची धूळ पंख्यात जाऊन बसते. पंखा सतत घोंघावत असेल तर तो उघडून साफ करून घ्या. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, दुलईवर तर नकोच.

आता खर्चाचं. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' मध्ये दोनपैकी एक असं दिसलं, तर रॅमला जागा रिकामी आहे. तरी दुकानदाराला खोलून बघायला सांगा, कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. रॅमचे प्रकारही असतात, डीडीआर थ्रीच्या जागी डीडीआर फोर बसत नाही, त्यामुळे लॅपटॉप घेऊनच दुकानात जा. तिथेच 'डिस्क' वर दाबलंत तर एचडीडी, म्हणजे फिरती डिस्क, की एसएसडी तेही कळतं. एचडीडी असेल तर आधी ती बदला. पैसे एकाच गोष्टीला असतील, तर माझं मत एसएसडीला. आणि एसएसडी असेल तर डीफ्रॅगचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवायचं सॉफ्टवेअर आणू नका, तिची निगा विंडोज आपोआप राखतं.

लॅपटॉप फारच जुना असेल तर एक तपासा. विंडोज दहाचा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अकरा चढवायला किमान चार जीबी रॅम लागते, पण खरी अडचण प्रोसेसरची आणि टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपची असते. लॅपटॉप अकराला चालणारच नसेल, तर त्यावर रॅम आणि एसएसडीचा खर्च करण्याआधी घरात एकदा बोलून घ्या. आणि नवा घेताना दुकानदार चार जीबीचा गळ्यात मारायला बघेल, तर सरळ पुढच्या दुकानात जा.

डिस्क बदलायला देण्याआधी कामाच्या फाइल्सची प्रत घरी काढून ठेवा. काम समोर बसून करून घ्या. आणि निघताना जुनी डिस्क मागून घ्या, विसरू नका. तिच्यावर तुमची सगळी कागदपत्रं तशीच आहेत. काहीशे रुपयांत तिला बाहेरचं कव्हर मिळतं, की मुंजीचे फोटो ठेवायला ती मोकळी.

पुढच्या भागात पासवर्ड कुठे लिहून ठेवावेत ते सांगेन. कॅलेंडरच्या मागे नाही, एवढं आजच सांगते. नमस्कार.