कार्बनच्या पैशाआधी वनहक्काचा दावा

मंडळी, झाड वाढतं तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून लाकडात साठवतं. शंभर किलो वाळक्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो. वायूच्या हिशेबात ते सुमारे १८० किलो भरतं. असा एक टन वायू हवेत जायचा वाचला, किंवा हवेतून ओढला गेला, की एक कार्बन क्रेडिट, म्हणजे विकता येणारा दाखला. ज्यांचे कारखाने आणि विमानं धूर सोडतात, ते आपल्या धुराची भरपाई म्हणून ही क्रेडिट विकत घेतात.

गोंधळ होतो तो यापुढे. पैसे उभ्या जंगलाचे मिळत नाहीत. प्रकल्प नसता तर जे तुटलं किंवा जळलं असतं आणि प्रकल्पामुळे वाचलं, किंवा प्रकल्पामुळे नव्याने वाढलं, तेवढ्याचेच मिळतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आपलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. तिथे कुऱ्हाडीला कायद्यानेच बंदी आहे. ‘हे आम्ही पैशासाठी वाचवलं’ म्हणून तिथले टन विकायला काढणं मला प्रामाणिक वाटत नाही. तालुक्यात खरा वाव आहे तो अभयारण्याबाहेर: मालकी रानात, उघड्या पडलेल्या गायरानात, दर उन्हाळ्यात वणवा लागणाऱ्या उतारांवर.

प्रकल्प नसता तर काय झालं असतं, हे कुणीच पाहिलेलं नसतं. लबाडीला जागा तिथेच मिळते. झिम्बाब्वेतल्या करिबा प्रकल्पाने जंगलतोडीचा अंदाज फुगवून क्रेडिट काढल्याची टीका झाली, आणि २०२३ मध्ये ती विकणारी स्विस कंपनी त्यातून बाहेर पडली.

पण चांगलं उदाहरणही आहे, आणि ते आपल्याच देशातलं आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं वटवाघूळ तुम्हाला ठाऊक असेल. १९१३ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली, आणि पुढे कित्येक दशकं जगात दुसरीकडे ते कुणाला सापडलंच नाही. नंतर सापडलं ते कंबोडियात आणि मेघालयातल्या गुहांत. त्याच मेघालयात, खासी टेकड्यांमध्ये, २०११ पासून उमियाम नदीच्या पाणलोटात लोकांनी कार्बन प्रकल्प चालवला. दहा ‘हिमा’, म्हणजे खासींच्या परंपरागत सत्ता, एकत्र आल्या. सुरुवातीला साठच्या वर गावं आणि सुमारे २७,००० हेक्टर क्षेत्र होतं. त्यांनी केलं काय? जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे, काढल्या, वणव्यावर पाळत ठेवली, उजाड उतारांवर मोकाट चराई थांबवून झाडोरा आपोआप वाढू दिला, जळण कमी लागावं म्हणून सुधारित चुली दिल्या, बायकांचे बचतगट उभे केले. यातलं एकही काम आपल्या गावांना न जमण्यासारखं नाही. जांबोटी-कणकुंबीच्या माणसाला वणवा कसा अडवायचा हे शिकवायला बाहेरून कुणी यावं लागत नाही.

तरीही ते तिथे जमलं आणि इथे सहज जमणार नाही. कारण मेघालयात बहुतेक रान कुळांचं आणि गावांचं आहे. सही करायला गावच बसतं. आपल्याकडे उताऱ्यावर नाव वनखात्याचं. उद्या कंपनी आली तर ती बोलणार कुणाशी? पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारा गवळी धनगर त्या कागदात कुठे येणार? फार तर मजुरीच्या रकान्यात. मला हे अजिबात मान्य नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: आधी हक्कपत्र, मग कार्बन. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपली सामूहिक वनसंपत्ती, म्हणजे गाव परंपरेने वापरत आलेलं रान, राखण्याचा आणि तिची व्यवस्था पाहण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर तो मिळवला. कार्बन कुणाचा, हे या कायद्यात लिहिलेलं नाही. पण हक्कपत्र हातात असलं तर ग्रामसभा करारातला पक्ष म्हणून बसेल, नाहीतर दाराबाहेर उभी राहील.

करारावरही आताच बोलूया, कारण हे करार वीस-तीस वर्षांचे असतात. तो मराठीत मागा. कन्नड किंवा इंग्रजी कागदावर अंगठा देऊ नका. वणव्यात रान जळालं तर तोटा कुणाचा, ते विचारा. नीट चालवलेल्या प्रकल्पात यासाठी काही क्रेडिट न विकता राखून ठेवतात. चराई, मध, शिकेकाई बंद होणार का, हे आधी लिहून घ्या. आणि एक गोष्ट टनांच्या हिशेबात येतच नाही: गवा आणि हत्ती. दांडेलीकडून येणारा कळप भाताची खाचरं तुडवून जातो. तिथे राखलेल्या जंगलाची किंमत शेतकरी भरत असतो. मिळणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा पिकाच्या भरपाईला गेलाच पाहिजे, नाहीतर जनावरावरचा राग वाढेल आणि मग रानही राहणार नाही.

आता वनहक्काच्या दाव्याचं. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. ऐकून घाबरू नका. पुरावा म्हणून नियमांत जुनी सरकारी कागदपत्रं चालतात. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्या काळचे कागद शोधा. गावची देवराई, जुनी विहीर, स्मशान, चराईची जागा हेही पुरावेच आहेत. वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन चालतं, मात्र ते दावेदार सोडून दुसऱ्याचं हवं. सामूहिक वनसंपत्तीचा अर्ज ‘नमुना क’ मध्ये भरायचा. वनहक्क समिती ग्रामसभेत निवडायची, सीमा शेजारच्या गावासोबत चालून ठरवायची, आणि दाव्याची पोच लेखी घ्यायची. आज आलेल्या प्रत्येक गावाने आधी समितीची बैठक लावावी. कागद लिहायला मी येईन.