फेका कोन चेले

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समधली सकाळ. बारच्या काउंटरला रेलून एक गृहस्थ वेटरला सांगतात, "फेका कोन चेले!" स्पॅनिश शब्दकोश उघडू नका, सापडणार नाही. 'काफे' उलटा केला की 'फेका', आणि 'लेचे', म्हणजे दूध, उलटं केलं की 'चेले'. त्यांना दूध घातलेली कॉफी हवीय, इतकंच. या उलटापालटीला म्हणतात 'वेसरे'. हा शब्दही 'रेवेस', म्हणजे उलट, उलटवूनच बनलाय. आपल्याकडे पोरं 'च'ची भाषा बोलतात, मोठ्यांना कळू नये म्हणून. इथे मोठेच बोलतात, खुशाल.

या शहरी बोलीचं नाव लुनफार्दो. १८७९ मध्ये पोलीस खात्यातल्या बेनिग्नो लुगोनेस यांनी 'ला नासिओन' या दैनिकात तिच्याबद्दल लिहिलं, ते चोरांची भाषा म्हणून. पण चोरांनी एकट्यांनी एवढं शब्दभांडार कुठून आणलं असतं? त्या काळात इटलीहून बोटी भरभरून माणसं येत होती. एका खोलीत अख्खं कुटुंब, अंगण आणि नळ सगळ्यांचा मिळून, अशा दाटीत भाषा एकमेकींत मिसळल्या. इटालियन 'लाव्होरो'चं 'लाबूरो' झालं, म्हणजे काम. 'किलोंबो' हा शब्द मूळचा आफ्रिकेतला. आज कुठलाही सावळागोंधळ म्हणजे किलोंबो, मग तो ट्रॅफिकचा असो की सरकारचा.

सरकारलाही ही बोली खुपलीच. १९४३ च्या लष्करी उठावानंतर रेडिओवर लुनफार्दोला मज्जाव झाला, टँगो गाण्यांच्या ओळी धुऊनपुसून सोज्वळ केल्या गेल्या. रस्त्यावर मात्र कोण ऐकतंय! १९६२ मध्ये तर या बोलीची रीतसर अकादमीच स्थापन झाली.

आता बस पकडू. इथे ती 'बोंदी'. ब्राझीलमध्ये 'बोंजी' म्हणजे ट्राम. तिथून हा शब्द इकडे आला. पुढे ट्राम गेल्या, नाव बसला चिकटलं. मेक्सिकोत शहरातली बस म्हणजे 'कामिऑन'. क्युबात 'गुआगुआ', पण चिलीत गुआगुआ म्हणजे तान्हं बाळ! क्युबातल्या हवानाचा माणूस सहज म्हणतो, "गुआगुआ कोखेर करतो", म्हणजे बस पकडतो. स्पेनमध्येही 'कोखेर' म्हणजे साधं 'घेणं'. ब्युनोस आयर्समध्ये मात्र हे क्रियापद चारचौघांत वापरू नका. तिथे त्याचा जो अर्थ होतो, तो निवेदनात सांगण्यासारखा नाही.