आवाज गेला, पण कुणाचा?

मंडळी, लोकमान्यनगरातल्या या सभागृहात मी एरवी तुमच्यात बसलेला असतो, गाणं ऐकायला. आज इथे उभा आहे तो मुक्या झालेल्या कॉम्प्युटरबद्दल बोलायला. मला दिसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. माझं सगळं काम स्क्रीन रीडरवर चालतं. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो. तो गप्प झाला की माझ्या घरची वीज गेली म्हणा, आणि शेजारीपाजारी मात्र लख्ख उजेड!

नोकरीत असतानाची गोष्ट. मेकॅनिक आला आणि माझा जुना मॉनिटर काढून नवा लावून गेला. मशीन सुरू केलं तर शुकशुकाट. शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून आला, पडदा बघून म्हणाला, ‘भिया, सब बराबर तो दिख रिया है.’ आता त्याला काय सांगणार! दिसत असणारच. त्या बिचाऱ्याने मग डोळसांचा रामबाण उपाय केला. स्क्रीन रीडर काढून टाकला, पुन्हा घातला. दोनदा. संध्याकाळी उलगडा झाला. नवा मॉनिटर एचडीएमआयच्या वायरने जोडला होता. त्या वायरीतून चित्र जातं तसा आवाजही जातो. विंडोजने परस्पर ठरवून टाकलं की आता आवाज मॉनिटरकडे पाठवायचा, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते! म्हणजे माझा स्क्रीन रीडर दुपारभर इमानदारीत बोलत होता, फक्त भिंतीशी.

तेव्हापासून ‘आवाज गेला’ असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, कुणाचा? स्क्रीन रीडर फक्त मजकूर गोळा करतो. त्याचा उच्चार करतो सिंथेसायझर, म्हणजे आवाजाचं इंजिन. ते विंडोजच्या हाती देतं, विंडोज एखाद्या डिव्हाइसकडे पाठवतं आणि शेवटी स्पीकर किंवा हेडफोन. या रांगेतला एक जण जरी अडला तरी आपल्या कानाला सारखीच शांतता ऐकू येते.

मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो, म्हणून त्याचंच सांगतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 साली सुरू केलेलं आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध तरुणाच्या साथीने वाढवलेलं हे काम. फुकट मिळतं, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी पोचलं. ते सुरू होताना छोटीशी धून वाजते. तिच्याकडे कान द्या. धून वाजली पण पुढे शब्द नाही, तर स्पीकर ठीक आहे, घसा बसलाय तो सिंथेसायझरचा. अशा वेळी कंट्रोल, इन्सर्ट आणि एस एकत्र दाबायचं, मग ई दाबायचं, मग एंटर, म्हणजे ई-स्पीक हा सिंथेसायझर निवडला जातो. काही ऐकू येत नसतानाही हे जमतं. ई-स्पीक हा एनव्हीडीएबरोबरच येणारा आवाज आहे. यंत्रासारखा बोलतो, गोड नाही, पण मराठीही वाचतो आणि सहसा दगा देत नाही.

धूनही नाही? मग विंडोज, कंट्रोल आणि एंटर. हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर. तोही मुका असेल तर दोष त्या रांगेत खाली आहे: वायर, म्यूट किंवा माझ्यासारखा एखादा मॉनिटर. यासाठी माझ्या खणात एक साधा यूएसबी हेडफोन कायम पडलेला असतो. तो खोचला की विंडोज बहुतेक वेळा आवाज आपणहून तिकडे वळवतं. मग कानाने ऐकत ऐकत सेटिंग दुरुस्त करता येतं.

कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. इन्सर्ट आणि एस चुकून दाबलं जातं आणि बोलणं बंद होतं किंवा नुसते बीप वाजतात. तेच पुन्हा पुन्हा दाबत राहा, बोलतं होतं.

पूर्ण शांतता एकवेळ परवडली. अर्धा आवाज फार वाईट. काही हेडफोन आणि साउंड कार्ड वीज वाचवायला डुलकी घेतात. आवाज आला की दचकून जागे होतात आणि तेवढ्यात पहिलं अक्षर निसटतं. ‘डिलीट’चं ‘लीट’ झालं तर हसून सोडून देऊ. पण फॉर्ममधल्या चौकोनावर एनव्हीडीए इंग्रजीत ‘नॉट चेक्ड’ म्हणतो आणि कानावर येतं फक्त ‘चेक्ड’! खूण नसलेल्या जागी खूण आहे असं समजून मी एक अर्ज पाठवून बसलो आहे. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बोलणं संपल्यावरही डिव्हाइस जागं ठेवायची वेळ वाढवता येते, ती वाढवा. महत्त्वाचा फॉर्म मी तरीही वायरच्या हेडफोननेच भरतो. माझा ब्लूटूथवर राग आहे, असं समजा.

कॉल सुरू झाला की स्क्रीन रीडर कुजबुजायला लागतो, ही तक्रारही नेहमीची. विंडोजचं मुळातलं सेटिंगच असं आहे की कॉल आला की बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचे. साउंडच्या जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स टॅब आहे, तिथे ‘डू नथिंग’ निवडा.

आणि आपल्या मध्य प्रदेशातलं खास दुखणं. मराठी कागद उघडला की स्क्रीन रीडर ‘ई जे के बी एच’ असं काहीतरी बरळतो. लोक म्हणतात, आवाज बिघडला. आवाज धडधाकट आहे हो! कागद कृतीदेवमध्ये टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. दहा आवाज बदलून बघितलेत तरी फरक पडणार नाही. युनिकोडमध्येच, म्हणजे देवनागरी अक्षर आतही देवनागरी म्हणूनच साठवलं जाईल असं, पाठवा म्हणून पाठवणाऱ्याच्या मागे लागावं लागतं. उलट प्रकारही होतो: मजकूर युनिकोडमधला आणि आवाज फक्त इंग्रजी जाणणारा, तर काही आवाज देवनागरी ओळ चक्क गिळून टाकतात. तिथे ई-स्पीकची मराठी निवडा.

बोलणं पुरे. समोर माझा लॅपटॉप आहे, पडदा बंद केलाय. तुमच्या स्वागतात मी त्याच्यात एक खोडी करून ठेवली आहे. धून वाजतेय, ऐका. शब्द नाही. चहा यायला दहा मिनिटं आहेत. कोण येतंय पुढे? या काकू, खुर्ची तुमच्या उजव्या हाताला आहे.