पाखरं आली का रं?

(दृश्य: पहाट. येरळवाडीचा बांध. पाण्यावर धुकं, मोबाइलच्या पडद्याचा उजेड.)

सातारा जिल्ह्यातला खटाव तालुका. येरळा नदीवरचं येरळवाडी धरण. डिसेंबरातले सकाळचे साडेसहा. पाण्यावर अजून धुकं आहे. पक्षी दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. तेवढ्यात फोन थरथरतो: "पाखरं आली का रं?"

विचारणारा कर्नाटकात गदगला बँकेत नोकरीला आहे. दुसरा पिंपरीत रात्रपाळी संपवून बसथांब्यावर उभा. तिसरी मस्कतला, तिथं आत्ता पहाटेचे पाच वाजलेत. चौथे गुरुजी, निवृत्तीनंतर सांगलीत कृष्णाकाठी राहायला गेलेले. सगळे मूळचे वडूज-मायणीच्या पट्ट्यातले. त्यांच्या गटावर कांद्याचा भाव येतो, लग्नपत्रिका येतात, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन येतं. गुलाबाची फुलंही येतात, नाही कोण म्हणतं. पण दिवसाची सुरुवात तळ्याच्या बातमीनं.

(दृश्य: पत्र्याची पेटी. पोस्टकार्डांचा गठ्ठा, सुतळी सोडली जाते.)

फोन नव्हते तेव्हा ही बातमी कार्डावर जायची. पोस्टकार्डात लिहायला जागा किती? एक बाजू पूर्ण, दुसरीची अर्धी. म्हणून या मंडळींनी एक क्रम ठरवला होता आणि तो अजून मोडलेला नाही. आधी तळ्याचं नाव. मग तारीख आणि वेळ. मग पाणी कुठपर्यंत. मग पक्षी, प्रत्येकासमोर आकडा. घरची ख्यालीखुशाली शेवटी, समासात आडवी. कार्ड पोचायला चार-पाच दिवस लागायचे. तोवर थवा उडून गेलेला असायचा, त्यामुळे तारीख नसलेलं कार्ड म्हणजे वाया गेलेलं कार्ड.

(दृश्य: कार्डावर बोट फिरतं. 'राजहंस' या शब्दाखाली लाल रेघ.)

ही लाल रेघ नावाच्या घोळाची. 'राजहंस आले' असं कुणी लिहिलं, की नेमकं कोण आलं ते कळत नाही. काही जण पट्टकादंबाला, म्हणजे बार-हेडेड गूजला, राजहंस म्हणतात. काही गावांत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसला तरी राजहंसच. वर्तमानपत्रांनी रोहितला आणखी 'अग्निपंख' करून ठेवलंय. मग गुरुजींनी नियम घातला: नावाची खात्री नसेल तर खूण लिहा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच पिवळी-नारिंगी, पाय नारिंगी: पट्टकादंब. लांब गुलाबी पाय, मध्येच वाकलेली चोच: रोहित. खूण लिहिली तर सांगलीत बसून चूक पकडता येते. नुसतं नाव लिहिलं तर येत नाही.

(दृश्य: धुकं विरतं. पाण्यावर थवा. सुरुवातीला लांबून, मग जवळून.)

हे पट्टकादंब. मंगोलिया, तिबेटच्या पठारावर अंडी घालणारे. हिमालय ओलांडून येतात. पाठीवर बसवलेल्या यंत्रांनी त्यांची उंची सुमारे ७,२९० मीटरपर्यंत नोंदवली आहे. पण बहुतेक वेळा ते त्याहून बरंच खालून, डोंगराच्या चढउतारासोबत वरखाली होत उडतात. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात हिवाळा काढतात. दिवसा पाण्यावर किंवा काठाच्या चिखलावर आराम, आणि अंधारात हरभऱ्याच्या, गव्हाच्या कोवळ्या रानात चराई.

म्हणूनच मोजणी सकाळची. रानातून पाण्याकडे ओळी करून परत येताना ते आकाशात सुटे दिसतात. एकदा पाण्यावर दाटीनं बसले, की मागचे पुढच्यांमागं लपतात. झोपलेल्यांची मान पिसांत असते, त्यामुळे दगड आणि पक्षी यांत फरक करणं अवघड जातं.

(दृश्य: दुर्बीण, ट्रायपॉड, वहीवर पेन्सिलीच्या रेघा.)

मोजायचं असं. सूर्य पाठीशी ठेवायचा. आधी दहा पक्षी नीट मोजायचे आणि त्या दहांची जागा किती ते डोळ्यात बसवायचं. मग तेवढे-तेवढे तुकडे करत थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं. थवा मोठा असेल तर पन्नासांचे तुकडे. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा न सांगता. तो ऐकला की दुसऱ्याचा आकडा आपोआप त्याच्याकडे सरकतो. दोघांत फार फरक पडला तर पुन्हा पहिल्यापासून. मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळं तळं उठलं, तर झालेली मोजणी सोडून द्यायची. उठलेला थवा पलीकडच्या खाडीत बसतो आणि तिथं तो दुसऱ्यांदा मोजला जातो. फुगलेले आकडे बहुतेक असेच तयार होतात.

आणि हे सगळं नऊच्या आत. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. मग कितीही महागडी काच असली तरी पक्षी वितळल्यासारखा दिसतो.

(दृश्य: स्कोपमधून. एका पक्ष्याच्या मानेभोवती हिरवं कडं.)

थांबा. हा पक्षी बघा. मानेला हिरवं कडं आहे, त्यावर पांढरी अक्षरं.

मंगोलियात जुलैच्या सुमारास पट्टकादंबांची उडायची पिसं एकदम गळतात. काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्याच दिवसांत संशोधक होड्यांनी त्यांना हळूहळू जाळ्याकडे वळवतात, पायात धातूची आणि मानेत रंगीत कडी घालून सोडून देतात. मानेतल्या कड्याचा फायदा हा, की पक्षी पुन्हा न पकडता कडं लांबून वाचता येतं.

लांबून म्हणजे किती लांबून? ८ बाय ४२ ची दुर्बीण, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. तिनं कडं आहे एवढंच कळतं. अक्षरं वाचायला २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्कोप आणि न हलणारा ट्रायपॉड लागतो. तोही पंचवीस-तीस पटींवर ठेवलेला बरा. साठवर नेला की चित्र अंधारतं आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक दिसते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडायचे नाहीत, चिखलात बसून वाचायचं. मान वळेपर्यंत वाट बघायची, कारण एका बाजूनं कड्यावरचा संकेत पूर्ण दिसेलच असं नाही. इंग्रजी सी आणि जी, तीन आणि आठ, शून्य आणि ओ, या जोड्यांनी भल्याभल्यांना फसवलंय. अक्षर अर्धवट दिसलं तर वहीत प्रश्नचिन्ह टाकायचं. अंदाजानं भरलेलं अक्षर म्हणजे मंगोलियातला वेगळाच पक्षी खटावात आणून बसवणं.

(दृश्य: मोबाइलचा कॅमेरा स्कोपच्या काचेला टेकतो. मग गटावर फोटो.)

फोटो पाठवतानाही एक गोम आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो आकसतो, कड्यावरची अक्षरं पुसट होतात, आणि कॅमेऱ्यानं आत लिहिलेली वेळ व जागाही निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. पिंपरीतला गडी तो मोठा करून बघतो, गुरुजी स्वतंत्र बघतात, मस्कतवालीही स्वतंत्र. तिघांचं वाचन जुळलं तरच संकेत पक्का. मग तारीख, जागा, सोबत किती पक्षी, कडं कुठल्या रंगाचं, हे सगळं कडं घालणाऱ्यांना आणि मुंबईच्या बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, कळवायचं. गदगला वेगळा निरोप, कारण त्या जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावरही पट्टकादंबांचे थवे उतरतात. हाच पक्षी तिकडं दिसतोय का, ते बघायला तिथं आपला माणूस आहे.

घरट्याची जागा मात्र गटावर नाही. विणीच्या काळात माळटिटवीचं, धाविकाचं घरटं म्हणजे उघड्या माळावरचे चार खडे. नकाशावरचा ठिपका चाळीस जणांच्या हातात गेला की रविवारी तिथं चाळीस पावलं पडतात.

(दृश्य: ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपचा पडदा. मिनिटं, किलोमीटर, यादी.)

दहा वाजता यादी भरली जाते. किती मिनिटं बघितलं, किती चाललो, दिसले-ओळखले ते सगळे पक्षी लिहिले का. हळदीकुंकू बदक, थापट्या, चक्रवाक, चमचा, शेकाट्या, नदी सुरय. वारकरी शेकड्यानं असतात म्हणून ते मोजायचा कंटाळा येतो. तिथं आकड्याऐवजी फुली मारली, की 'होते' एवढंच उरतं. पाच वर्षांनी कमी झाले की वाढले, हे फुलीवरून सांगता येत नाही. आणि एकही पट्टकादंब नसलेल्या दिवशीची पूर्ण यादी ही सुद्धा बातमीच. गटावर ती 'शून्य' अशी येते. कुणी हळहळत नाही, नोंद होते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून चालू असलेल्या त्या गणनेत अशाच याद्या जातात.

(दृश्य: काठ. आधी पसरट चिखल, त्यावर शेकाट्यांची पावलं. मग जेसीबीनं उभा कापलेला काठ.)

या सगळ्या संदेशांत पक्ष्यांच्याही आधी पाणी लिहिलेलं असतं. 'बाभळीच्या बुंध्याला लागलंय', 'जुन्या रस्त्याचा तुकडा उघडा पडलाय'. कारण शेकाट्या, तुतवार, चमचा, रोहित यांचं पोट वीतभर पाण्यावर आणि ओल्या चिखलावर चालतं, धरणाच्या मधल्या खोल पाण्यावर नाही. पाऊस संपल्यावर पाणी हळूहळू मागं हटत जातं आणि दर आठवड्याला खाण्याची नवी पट्टी उघडी पडते. कालव्याचं आवर्तन आलं, तळ्यात पाणी सुटलं, की पट्टी बुडते. आवर्तन शेतीला हवंच, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. गाळ काढताना काठ उभा कापला, तर मात्र ती पट्टी पुन्हा तयारच होत नाही. उतार ठेवूनही गाळ काढता येतो.

(दृश्य: मार्च. सकाळ. थवा उठतो. आवाज. मग मोकळं पाणी.)

येरळवाडी. सकाळी पावणेसात. वारा मंद. जुना रस्ता पूर्ण उघडा. पट्टकादंब उठले, तळ्यावर दोन घिरट्या, उत्तरेकडे. त्यानंतर नऊपर्यंत शून्य. आईचा डोळा आता बरा आहे.

(दृश्य: फोनचा पडदा. गदगहून उत्तर येतं.)

"इकडं अजून आहेत. उद्या सकाळी वर बघत राहा."