हरळीची कांडी आणि आतड्यातली पेशी

नमस्कार श्रोतेहो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा तुकडा माझ्या टेबलावर येतो, पेशंट मात्र क्वचितच समोर येतो. एकदा एक काका स्वतः रिपोर्ट न्यायला आले. जिरायती शेती करणारे, मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून तीन आठवडे झालेले. तुकड्याच्या दोन्ही कडा स्वच्छ होत्या, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "मॅडम, सगळं निघालं ना? का हरळीवाणी व्हायचं? रान साफ करावं, आणि पहिल्या पावसात परत हिरवं."

दीड वर्षानं त्यांच्या यकृतात गाठी दिसल्या.

त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. गाठीत कोट्यवधी पेशी असतात. त्यातली पुन्हा उगवणारी पेशी कोणती, आणि ती ओळखायची कशी? आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी निरोगी आतडं पाहू. मोठ्या आतड्याचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की शेजारीशेजारी उभ्या केलेल्या परीक्षानळ्यांसारखे खोलगट खड्डे दिसतात. त्यांना आम्ही क्रिप्ट म्हणतो. गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेल्या काचेवर ही रांग फार देखणी दिसते. क्रिप्टच्या तळाशी थोड्या मूळपेशी असतात. त्या विभागतात, त्यांची लेकरं भिंतीवरून वर सरकतात, वाटेत कुणी श्लेष्मा करणारी पेशी होते, कुणी पाणी शोषणारी, आणि वर पोचल्यावर झडून जातात. हा प्रवास जेमतेम चार-पाच दिवसांचा. म्हणजे आतड्याचं अस्तर आठवड्याच्या आत नवं होतं, आणि हे सगळं तळाच्या मूठभर पेशींच्या जिवावर चालतं.

कॅन्सरच्या गाठीतही अशीच उतरंड असेल का? रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती असते, हे टोरांटोच्या जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेनं 1990च्या दशकात दाखवलं होतं. आतड्याच्या बाबतीत 2007 साली दोन गटांचे शोधनिबंध एकाच वेळी आले, एक टोरांटोहून आणि दुसरा रोमहून. ऑपरेशनमधली ताजी गाठ बारीक चिरायची, विकरं घालून तिच्या पेशी सुट्या करायच्या. मग पेशीच्या अंगावरच्या सीडी133 या प्रथिनाला चिकटणारं, रंगानं चमकणारं प्रतिपिंड लावायचं. बारीक धारेतून एकेक पेशी लेझरसमोरून जाते, चमकणाऱ्या एका नळीत, न चमकणाऱ्या दुसऱ्या नळीत. दोन्ही प्रकारच्या पेशी मग प्रतिकारशक्ती नसल्यासारख्याच असलेल्या उंदरांना टोचायच्या. टोरांटोच्या गटानं त्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली टोचल्या होत्या.

चमकणाऱ्या पेशींनी गाठी धरल्या. न चमकणाऱ्यांनी धरल्या नाहीत. उंदरातली गाठ काढून पुन्हा पेशी निवडून दुसऱ्या उंदराला टोचल्या, तरी तशीच गाठ उगवली.

इथे एक आकडा मुद्दाम सांगते. टोरांटोच्या हिशेबात, न निवडलेल्या पेशी घेतल्या तर सुमारे 57,000 पेशींमागे एक गाठ धरणारी निघाली. सीडी133 असलेल्याच घेतल्या तर 262 मागे एक. चाळण जबरदस्त होती, पण चाळणीत राहिलेल्या 261 पेशी बिनकामाच्याच होत्या! म्हणजे सीडी133 हा पेशीचा मोहल्ला सांगत होता, घर नंबर नाही. हे त्या वेळच्या बातम्यांमध्ये हरवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. 'कॅन्सरचं मूळ सापडलं' असे मथळे वाचून किती घरांनी आशा लावली असेल.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका गटानं दाखवलं की सीडी133 आतड्याच्या अस्तरात सगळीकडेच असतं, आणि यकृतात पसरलेल्या गाठींतल्या सीडी133 नसलेल्या पेशीही उंदरात गाठ धरतात. शिवाय उंदराची परीक्षा हीच मुळात एका अर्थी रोप दुसऱ्या मातीत लावण्याची परीक्षा. उपटल्याचा धक्का सोसून जी जगली, ती पास. स्वतःच्या वाफ्यात कोण वाढत होतं, ते त्यातून कळत नाही.

ते कळायला पेशीला जागच्या जागी खूण करायला हवी होती. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं, निक बार्कर त्यात पुढे होते, 2007 मध्येच ते केलं. क्रिप्टच्या तळाशी एलजीआर5 हे जनुक चालू असलेल्या पेशी त्यांनी हेरल्या. उंदरात अशी सोय केली की औषध दिलं की फक्त त्याच पेशींवर कायमची खूण बसेल, आणि त्यांच्या साऱ्या वंशजांकडे ती आपोआप जाईल. मग काप घेऊन रंगवला. सुरुवातीला तळाशी निळा ठिपका. काही दिवसांनी तळापासून टोकापर्यंत निळीच्या पाण्यात बुडवल्यासारखी सलग पट्टी. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ पान उलटलं नाही. पेशीनं स्वतःची वंशावळ स्वतःच लिहून दिली होती. दोन वर्षांनी त्याच गटानं दाखवलं की कॅन्सरला आवर घालणारं एपीसी जनुक या तळाच्या पेशीत बिघडवलं, तर गाठ झपाट्यानं वाढते. वरच्या पेशीत बिघडवलं, तर ती बहुधा खुरटते.

मग एलजीआर5च्या पेशी मारल्या की काम झालं? 2017 साली दोन गटांनी नेमकं हेच करून पाहिलं. टोकियोच्या केयो विद्यापीठात तोशिरो सातो यांच्या गटानं माणसाच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींमध्ये एलजीआर5वाल्यांपुरती मरणाची कळ बसवली. कळ दाबली, गाठ आकसली. आणि मग पुन्हा वाढली. कारण ज्या पेशी 'आता वयात आल्या, यांचं विभागणं संपलं' असं आपण समजत होतो, त्यांतल्याच काही मागे फिरल्या आणि पुन्हा मूळपेशी झाल्या. कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या गटाला उंदरांतही तसंच दिसलं. मारणं चालू असेतो मूळ जागेची गाठ तेवढीच राहिली, थांबवलं की एलजीआर5वाल्या परत हजर. यकृतात गाठी धरायला आणि टिकायला मात्र त्या पेशी लागतच होत्या.

काकांची हरळी मला इथे खरी कळली. हरळीचं मूळ एकाच जागी नसतं. कांडीच्या प्रत्येक पेराला मुळं फुटू शकतात, कुळवानं तुकडे केले तर उलट जास्त रानात पसरते. आतड्याच्या कॅन्सरमध्येही मूळपेशी ही जन्मानं ठरलेली जात नव्हे, ते एक काम आहे. जागा रिकामी झाली, भोवतालचे संदेश मिळाले, की दुसरी पेशी ते काम अंगावर घेते. म्हणून पेशीच्या अंगावरचं एखादं प्रथिन पाहून 'हीच ती' असं म्हणताना आता आम्ही दहादा विचार करतो.

2022 मध्ये बार्सिलोनाच्या एदुआर्द बाट्ये यांच्या गटानं उंदरांत आतड्याची गाठ ऑपरेशननं काढून, मागे यकृतात दडून राहिलेल्या मोजक्या पेशी हुडकल्या. त्यांच्यात ईएमपी1 हे जनुक जोरात चालू होतं. एलजीआर5वाल्या पेशींचं राज्य नंतर सुरू होतं, गाठ वाढू लागल्यावर. आणि दडलेल्या त्या पेशी वेळीच संपवल्या, तर उंदरांत आजार उलटला नाही. उपचार म्हणून हे अजून रुग्णाच्या हातात आलेलं नाही, आणि 'कॅन्सरच्या मूळपेशी मारतो' असं सांगून आज कुणी महागडं औषध विकत असेल, तर आधी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा.

एक गोष्ट मात्र आजच हातात आहे. शौचावाटे रक्त पडलं की आपल्याकडे मूळव्याध समजून महिनोन् महिने चूर्ण घेतलं जातं. काकांनीही तेच केलं होतं, जवळजवळ वर्षभर. कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, दिसणारा गाठीचा लहान कोंब तिथल्या तिथे काढता येतो, तो यकृतापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी.

काकांच्या गाठीची काच अजून माझ्या कपाटात आहे. मधूनमधून ती काढून पाहते. गुलाबी-जांभळ्या गर्दीत सगळ्या पेशी सारख्याच दिसतात.