पगाराचं वचन आणि लेखाशीर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

२८ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या सुमारे २० लाख केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना एकच ईमेल गेला. विषय होता ‘फोर्क इन द रोड’, म्हणजे वाटेतला फाटा. ट्रम्प सरकारात खर्चकपातीची सूत्रं हाती असलेले उद्योगपती एलॉन मस्क यांनी २०२२ मध्ये ट्विटर ताब्यात घेतल्यावर तिथल्या लोकांना याच मथळ्याचा ईमेल धाडला होता. या वेळी पाठवणारं होतं सरकारचंच खातं, केंद्रीय कर्मचाऱ्यांचा कारभार पाहणारं ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट. मजकूर असा, की आत्ता राजीनामा द्या, ३० सप्टेंबरपर्यंत पगार चालू राहील आणि बहुतेकांना कामावर यावंही लागणार नाही. मुदत ६ फेब्रुवारी. राजीनाम्याची रीत तर पाहा. त्याच ईमेलला उत्तर म्हणून ‘रिझाइन’ एवढा एकच शब्द टाइप करायचा आणि पाठवून द्यायचा. आपल्याकडे चार दिवसांची रजा घ्यायची म्हटलं तरी अर्ज, शेरा, सही असं सगळं लागतं. इथं वीस-पंचवीस वर्षांची नोकरी एका शब्दावर सुटणार होती, आणि विचार करायला हातात दहा दिवसही नव्हते.

त्याच दिवशी व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन सिनेटमध्ये उभे राहिले. राष्ट्राध्यक्षांना असा प्रस्ताव देण्याचा अधिकारच नाही, कामावर न येणाऱ्या माणसांना पगार देण्यासाठी अर्थसंकल्पात एकही बाब नाही, तेव्हा भुलू नका, असं त्यांनी कर्मचाऱ्यांना बजावलं. प्रतिनिधीगृहातले जेरी कॉनॉली यांनीही कायदेशीरपणाचा प्रश्न लावून धरला. वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये सरकारी नोकरांची घरं दाट आहेत. या खासदारांचे मतदारच ते. त्या भागात मराठी कुटुंबंही बरीच आहेत, तेव्हा आपल्यापैकी काहींनी ही घालमेल फोनवरून ऐकली असेल.

केन यांचा मुद्दा आपल्या सरकारी नोकरांना चटकन उमजेल. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही खर्चाचा शासन निर्णय काढून बघा. शेवटाकडे एक परिच्छेद असतो, की हा खर्च अमुक मागणी क्रमांक, अमुक लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या ठरलेल्या बाबीखाली, मंजूर तरतुदीतून भागवावा. लेखाशीर्ष नसेल तर कोषागारात बिल पास होत नाही. याचं मूळ थेट राज्यघटनेत आहे. केंद्रासाठी अनुच्छेद ११४ आणि राज्यांसाठी २०४ सांगतो, की कायद्यानं विनियोजन, म्हणजे खर्चाची मंजुरी, झाल्याशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतही, पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात, हेच बंधन आहे. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे त्यांच्या संसदेकडे.

आता जानेवारीतली स्थिती बघा. काँग्रेसनं खर्च मंजूर केला होता १४ मार्चपर्यंतचा. वचन दिलं गेलं ३० सप्टेंबरपर्यंतचं. मंजुरी नसलेल्या काळासाठी सरकारला बांधून घेणं त्यांच्याकडच्या अँटीडेफिशियन्सी कायद्यानं मना आहे. दुसरी अडचण रजेची. कर्मचाऱ्याला काम न देता भरपगारी घरी बसवण्याचे प्रकार फार वाढले म्हणून काँग्रेसनं २०१६ मध्ये कायदा केला आणि अशा प्रशासकीय रजेला वर्षाला दहा दिवसांची मर्यादा घातली. इथं तर जवळजवळ आठ महिन्यांची गोष्ट चालली होती. तिसरं म्हणजे, पैसे देऊन स्वेच्छेनं नोकरी सोडायला लावण्याची वाट कायद्यात आधीपासून आखलेली आहे आणि तिथं बहुतेक खात्यांत कमाल रक्कम २५ हजार डॉलर आहे. सरकारचं म्हणणं पडलं, की आमची ही योजना त्या कायद्यातली नव्हेच, हा पुढच्या तारखेचा राजीनामा आहे आणि तो पूर्णपणे वैध आहे.

प्रश्न नोकरकपात करावी की करू नये, हा नाही. बिल क्लिंटन यांच्या काळात अडीच लाखांहून अधिक सरकारी पदं कमी करायचं ठरलं, तेव्हा ते आधी काँग्रेसकडे गेले, १९९४ मध्ये कायदा करून घेतला आणि मग लोकांना रक्कम देऊ केली. आपल्याकडे २०१९ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलची स्वेच्छानिवृत्ती आली. पन्नाशी गाठलेल्यांसाठी होती. झालेल्या सेवेच्या दर वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचा पगार, असं सूत्र मंत्रिमंडळानं आधी मंजूर केलं. मुंबईतल्या घराघरांत तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडले गेले. त्या योजनेबद्दल तक्रारी होत्या, पण हिशेब मांडायला हातात आकडा तरी होता.

अमेरिकेत गोंधळ किती असावा? विमानांना वाट दाखवणाऱ्या हवाई नियंत्रकांनाही तो ईमेल गेला होता. आधीच त्यांचा तुटवडा. २९ जानेवारीला वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ विमान आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर होऊन ६७ जणांचा जीव गेला. त्यानंतर नियंत्रक या योजनेत बसत नाहीत असं सांगण्यात आलं. हे आधी कुणीतरी बसून ठरवायला नको होतं का?

कर्मचारी संघटना मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात गेल्या. मुदत संपायच्या दिवशीच, ६ फेब्रुवारीला, न्यायाधीश जॉर्ज ओ’टूल यांनी योजना थोपवली. १२ तारखेला मात्र स्थगिती उठवली. प्रस्ताव संघटनांना आलेला नाही, त्यामुळे त्यांना दावा लावता येत नाही आणि असे तंटे आधी प्रशासकीय मंडळांपुढे न्यावेत, असं त्यांनी म्हटलं. कायदेशीर की बेकायदेशीर, या मुख्य प्रश्नाला त्यांनी हात घातलाच नाही. आणि अशा तंट्यांसाठीची जी दोन मंडळं आहेत, त्यांतली एकेक सदस्य त्याच आठवड्यात पदावरून दूर केली गेली होती! तक्रार घेऊन माणसानं जायचं तरी कुठं? त्याच संध्याकाळी योजना बंद झाली, तोवर सुमारे ७५ हजार लोकांनी राजीनामे दिले होते. पुढे खात्याखात्यांतून दुसरी फेरी निघाली आणि एकूण आकडा दीड लाखावर गेला.

पैसे बुडतील ही केन यांची भीती सरसकट खरी झाली नाही, हे सांगायलाच हवं. पगार चालू राहिले, कारण मार्चच्या मध्यावर काँग्रेसनं सप्टेंबरअखेरपर्यंतचा खर्च मंजूर केला. पण जानेवारीत उत्तर पाठवणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? ज्या मंजुरीच्या भरवशावर त्याला नोकरी सोडायला सांगितलं, ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. खासदारांनी नेमकं यावर बोट ठेवलं, आणि ते बरोबर होते असं मला ठामपणे वाटतं. ते विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे, अल्पमतात होते. भाषणं करणं, पत्रं लिहिणं एवढंच त्यांच्या हाती होतं. मला वाईट वाटतं ते बहुमतातल्या सदस्यांचं. तिजोरीची किल्ली त्यांचीही आहे. कपात हवी होती तर दोन्ही सभागृहं त्यांच्याकडे होती, १९९४ सारखा कायदा त्यांना मांडता आला असता. त्यांनी तो आणला नाही.

३० सप्टेंबरला यांतले बहुतेक लोक सेवेतून मोकळे झाले. दुसऱ्याच दिवशी, खर्चाची नवी मंजुरी नसल्यानं, अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडलं, ते ४३ दिवस. नोकरीत राहिलेल्यांपैकी लाखो जण त्या काळात बिनपगारी होते. नोव्हेंबरमध्ये कामकाज पुन्हा सुरू करणारा कायदा झाला, त्यातच त्यांच्या थकलेल्या पगाराची तरतूद लिहिलेली होती.

नमस्कार.